अकिता कुत्रा-जतन संस्था

अकिता कुत्रा-जतन संस्था : (अकिताइनू होझोनकाई). जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर भागातील अकिता प्रांतात, ओदाते येथे १९२७ मध्ये स्थापन झालेली, अकिता जातीच्या कुत्र्यांचे जतन व संवर्धन करणारी संस्था. ‘इनू’ म्हणजे कुत्रा, ‘होझोन’ म्हणजे जतन व ‘काई’ म्हणजे मंडळ. नाव जतनाचे असले, तरी संस्थेला जुने लक्षणसमूह बव्हंशी निवड-पैदाशीने पुन्हा घडवावे लागले, हे तिच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : अकिताच्या डोंगराळ भागातील ‘मातागी’ नावाचे शिकारी अस्वलाच्या शिकारीसाठी मध्यम आकाराचे कुत्रे बाळगीत. सतराव्या शतकापासून हे कुत्रे झुंजींसाठीही वापरण्यात येऊ लागले. १८६८ नंतर, झुंजीत सरस ठरावेत म्हणून, त्यांचा तोसा व मास्टिफ या जातींशी संकर करण्यात आला. त्यामुळे आकार वाढला. पण ताठ कान, पाठीवर वळलेली शेपूट इ. मूळ लक्षणे लोपू लागली. १९०८ मध्ये झुंजींना बंदी झाली. नैसर्गिक स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा जपानमध्ये १९१९ साली झाल्यावर प्राणिशास्त्रज्ञ शोझाबुरो वातासे यांनी १९२० मध्ये ओदातेस भेट दिली. परंतु तेथील कुत्र्यांत एकसारखेपणा न आढळल्याने त्यांना त्या वेळी संरक्षण मिळू शकले नाही.

स्थापना व मान्यता : या परिस्थितीत ओदातेचे नगराध्यक्ष शिगेइए इझुमी यांच्या पुढाकाराने संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, सर्व देशी जातींसाठी हिरोकिची साइतो यांनी ‘निहोनकेन होझोनकाई’ ही स्वतंत्र संस्था काढली. १९३१ मध्ये नऊ उत्तम कुत्र्यांच्या आधारे अकिता जातीला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. १९३२ मध्ये साइतो यांच्या प्रयत्नाने ‘हाचिको’ या कुत्र्याची हकीकत वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. ओदाते परिसरात जन्मलेला हा कुत्रा धनी मरण पावल्यावर (१९२५) सु. दहा वर्षे टोकिओच्या शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत असे. या कथेने अकिता जातीला देशभर लोकप्रियता लाभली.

युद्धकाळ व पुनर्रचना : दुसऱ्या महायुद्धात सैनिकी वस्त्रांसाठी कुत्र्यांची कातडी वापरली जाई. लष्करी कामाचे जर्मन शेफर्ड वगळता इतर कुत्रे पकडून जप्त करण्याचा पोलिसांना आदेश होता. तो चुकविण्यासाठी काही पालकांनी आपल्या अकितांचा शेफर्डशी संकर केला. शिबुया येथील हाचिकोचा १९३४ मध्ये उभारलेला पुतळाही धातूसाठी वितळविण्यात आला (नवा पुतळा १९४८). युद्धानंतर अत्यल्प कुत्रे उरले. त्यांत मातागी, झुंजीचे व शेफर्डमिश्रित असे तीन प्रकार होते. मातागी रक्ताचा पुन्हा संकर करून परकीय लक्षणे काढून टाकण्याचे काम जपानी संवर्धकांनी अनेक पिढ्या केले. आजची आदर्श लक्षणे याच निवडीतून स्थिरावली आहेत : नराची उंची ६७ सेंमी. व मादीची ६१ सेंमी. (कमाल फरक ३ सेंमी.), रंग तांबूस, तिळी, पट्टेरी किंवा पांढरा.

दोन जाती : युद्धोत्तर काळात अमेरिकन सैनिकांनी स्वदेशी नेलेले कुत्रे बहुधा शेफर्डमिश्रित, धिप्पाड व काळ्या मुखवट्याचे होते. अमेरिकन केनेल क्लबने अकिता जातीस १९७२ मध्ये मान्यता दिली व १९७४ पासून जपानी आयात कुत्र्यांची नोंदणी बंद केली. ती १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर दोन्ही वंश बरेच वेगळे झाले होते. अखेर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने ‘अकिता’ व (पुढे ‘अमेरिकन अकिता’ म्हणून ओळखली गेलेली) अशा दोन जाती मानल्या. ओदातेचा निकष जपानी अकितापुरता प्रमाण राहिला.

संस्थेने ओदाते येथे १९७७ मध्ये अकिता कुत्र्यांचे संग्रहालय उभारले. वंशावळींची नोंद व प्रदर्शने हे तिचे मुख्य कार्य आहे. अकिता जातीचे सध्याचे एकसारखेपण निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नसून, एका गावातील माणसांनी आखलेल्या आदर्शाकडे अनेक पिढ्यांत नेलेले आहे. जतन व निर्मिती यांतील सीमारेषा किती अस्पष्ट असते, हे त्यावरून दिसून येते.