कृष्णधवल छायाचित्रांतील कुटुंबजीवन : अर्थनिर्णय

कुटुंबाचे रोजचे जगणे मुद्दाम सजावट न करता टिपणाऱ्या काळ्यापांढऱ्या माहितीपर छायाचित्रांतून नाती जाणून घेण्याची रीत. रंग गेला की नाती उघडी पडतात, ही रूढ समजूत मराठी घराबाबत अर्धीच खरी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत बाईचे घरातले स्थान कुंकू, हिरवा चुडा, लुगड्याचा रंग यांवरून ओळखले जात आले. कृष्णधवल चित्रात हिरवा चुडा आणि लाल लुगडे एकाच करड्या छटेत उतरू शकतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नसे, म्हणून कुंकू काळे उमटे. तांबडा प्रकाशही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर ते फिकट येते. लाल फिल्टर लावला तर कपाळात विरूनही जाते. तेव्हा मोकळे दिसणारे कपाळ पाहून वैधव्याचा निष्कर्ष काढणे हा पुराव्याचा गैरवापर होय. फिल्म कोणती हे तपासावे आणि घरच्या माणसांना विचारावे.

रंग नसल्याने नजर, हात, दोन माणसांतले अंतर ठळक होते, हा आक्षेप रास्त आहे. पाटावर बसलेली सासू आणि चौकटीत उभी सून यांतला अधिकार रंगावाचून कळतो. पण देहबोलीही फसवते. पेठेतल्या तालमीच्या समूहचित्रात वस्ताद मध्ये आणि पोरे भोवती असली, तर मांडणी थेट एकत्र कुटुंबाची वाटते. त्या पोरांच्या खुराकासाठी घरी राबणाऱ्या बायका मात्र चौकटीबाहेर राहतात. म्हणून सुट्या चित्रापेक्षा मालिका अधिक भरवशाची. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे केलेले कृष्णधवल चित्रण याचा उत्तम मराठी दाखला आहे. त्या मालिकेत गटारातले काम समोर असल्यामुळेच कामगाराच्या घराकडे नुसत्या कणवेने पाहता येत नाही.

कुटुंब सगळीकडे सारखेच, मग स्थानिक तपशील कशाला, असा दुसरा आक्षेप. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांच्या 1955 च्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात 68 देशांतील 503 छायाचित्रे याच भूमिकेतून मांडली होती. जन्म आणि मृत्यू सर्वांनाच असले, तरी मूल कोणत्या परिस्थितीत जन्मते हा इतिहासाचा प्रश्न आहे, अशी फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी त्यावर टीका केली. ती पेठेतल्या चित्रांनाही लागू पडते. घर मालकीचे की भाड्याचे, कमावते हात कोणाचे, मुलगी कोणत्या इयत्तेत शाळा सोडून चुलीशी बसली, हे करड्या छटांतून कळत नाही. ते चित्राखालच्या ओळीत यायला हवे.