दस्त्याचे लाकूड आणि जवसाचे तेल

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा नळीपासून सुरुवात करतात. नळीचा व्यास, गोळीचा वेग, माऱ्याचा पल्ला, चापाची रचना. लाकडाला कोणी विचारीत नाही. परंतु सैन्यातून बाद झालेली एखादी बंदूक जवळून पाहावी, म्हणजे हा क्रम किती अपुरा आहे ते कळते. नळ्या सर्व सारख्या. दस्ता मात्र ज्याच्या त्याच्या हाताखाली निराळा झालेला असतो. कुठे घामाने काळवंडलेला, कुठे गालाच्या घर्षणाने गुळगुळीत, कुठे दगडावर आपटून खोक पडलेला.

मी जी बंदूक म्हणतो, ती वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. खजिन्याच्या दाराशी, रेल्वेच्या फलाटावर, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात शिपायांच्या खांद्यावर दिसे तीच ही ‘थ्री-नॉट-थ्री’. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. तिचा सर्वांत गाजलेला नमुना ब्रिटिश सैन्याने १९०७ साली स्वीकारला आणि बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात त्याच नमुन्याच्या बंदुका पुढे कित्येक दशके तयार होत राहिल्या. लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन सुमारे चार किलो. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली, तेव्हा मराठा पलटणींतील जवानांच्या हाती .३०३ बंदुकाच होत्या. १९६२ साली हिमालयात चिनी सैन्यापुढे आपले जवान उभे राहिले, तेही मुख्यतः हीच घेऊन. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित शस्त्रांना उत्तर देण्यासाठी रेल्वेच्या जवानांजवळ पुन्हा हीच होती. एका शतकाचे ओझे तिने वाहिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

विलायतेत आणि अमेरिकेत अशा बाद बंदुका बाजारात विकल्या गेल्या, आणि त्यांचे दस्ते घासूनपुसून नवे करणे हा तिकडे पुष्कळांचा सुटीतला उद्योग आहे. आपल्याकडे तसे नाही. .३०३ ही सैनिकी जातीची बंदूक; सामान्य नागरिकाला ती बाळगता येत नाही. म्हणूनच तर नागरिकांसाठी इशापूरला .३१५ ची निराळी बंदूक निघाली. आपल्या म्हाताऱ्या थ्री-नॉट-थ्री गेल्या पोलिसांकडे, होमगार्डकडे आणि राष्ट्रीय छात्र सेनेकडे. १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन. सी. सी. सक्तीची झाली आणि १९६८ साली ती सक्ती उठली. त्या पाच वर्षांत कवायतीच्या मैदानावर किती कोवळ्या खांद्यांना हिच्या वजनाची ओळख झाली असेल! ज्या बंदुका कवायतीपुरत्या राखल्या, त्या गोळीबाराला निकामी करून त्यांवर ‘डी. पी.’ ही अक्षरे घालीत.

अशाच एका कवायतीच्या बंदुकीचे लाकूडकाम माझ्याकडे आले. नुसतेच लाकूड, लोखंड शस्त्रागाराच्या कुलपात राहिले, हे सांगायला हवे. लाकूड घेऊन आलेला तरुण निदेशक म्हणाला, “काका, सव्वीस जानेवारीला मुलं घेऊन उभी राहतील. चांगलं घासून, पॉलिश मारून एकदम नवंकोरं करून द्या ना जी.”

मी लाकूड उजेडात धरले. दस्त्यावर एक अक्षर ठसवलेले होते. या बंदुकीचे दस्ते एका मापाचे नसत. नेहमीच्या मापाहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड असेही दस्ते निघत, आणि त्यांवर त्या त्या मापाचे अक्षर ठसवीत. आमच्या दस्त्यावरचे अक्षर आखूड मापाचे होते. म्हणजे हे लाकूड कोणा आखूड हाताच्या, बहुधा बुटक्या शिपायासाठी निवडलेले. बाजूला रुपयाएवढे एक भोक लाकडाच्या गुडदीने बुजवलेले. तिथे पूर्वी पितळेची चकती असे आणि तिच्यावर पलटणीचे नाव व बंदुकीचा क्रमांक. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर ब्रिटनमधील कारखान्यांनी ही चकती बसवणे सोडून दिले. पुढच्या लाकडात आरपार आडवा एक स्क्रू होता. गोळी सुटतानाच्या धक्क्याने लाकूड फाटू नये म्हणून घातलेला हा हिंदुस्थानी कारागिराचा उपाय. आणि खाली, चाकूच्या टोकाने कोरलेले एकच देवनागरी अक्षर: ‘रा’. राम, राघो, राजाराम, कोण जाणे!

मी निदेशकाला म्हटले, “बाळ, काचकागद फिरवला तर हे सगळे पुसले जाईल. मग हातात राहील ते नुसते फळकूट.”

तो थोडा हिरमुसला. “पण मळकं दिसते ना, काका.”

त्याचेही खोटे नव्हते. मळ आणि खूण यांत फरक करणे, हेच तर या कामातले खरे कसब. मळ वरून बसलेला असतो. तो टर्पेंटाइनच्या बोळ्याने, हलक्या हाताने निघतो. खूण लाकडात उतरलेली असते. पोचे आले असतील तर तेही दोन जातींचे. जिथे लाकडाचे तंतू नुसते दबले आहेत, तिथे ओला फडका ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफ आत शिरते, तंतू फुगतात आणि खळगा भरून येतो. जिथे तंतू तुटले आहेत, तिथे कितीही वाफ द्या, काही होत नाही. दबलेले वर येते, तुटलेले येत नाही.

त्यानंतर तेल. लष्कराचे जुने तेल म्हणजे जवसाचे. हे ऐकून आमच्या विदर्भातल्या गृहिणींना हसू येईल, कारण जवस म्हणजे ताटात डाव्या बाजूची चटणी! पण हेच तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत चिवट थर धरते. कोमट करून, तळहाताने, अगदी पातळ चोळायचे. उरलेले पुसून घ्यायचे आणि वाळेपर्यंत वाट पाहायची. असे पुन्हा पुन्हा. व्हार्निशचा थर लाकडावर बसतो. जवसाचे तेल लाकडात बसते.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेते. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

ही गोष्ट जवाहरनगरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना, भंडाऱ्याच्या थोडे अलीकडे हे गाव लागते. १९६२ च्या युद्धानंतर देशाने शस्त्रास्त्रांचे नवे कारखाने उभारले, त्यांतला एक १९६४ साली इथे सुरू झाला आणि त्याच्याभोवती ही वसाहत उभी राहिली. इथे बंदूक होत नाही. इथे होते ती स्फोटके आणि गोळा पुढे फेकणारी दारू. तिचे मूळ मोठे गमतीचे आहे. १८४६ साली बाझेलच्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया घडवून स्फोटक कापूस जगापुढे आणला. १८८९ साली एबल आणि ड्यूअर यांनी त्यात नायट्रोग्लिसरीन व व्हॅसलीन मिसळून ‘कॉर्डाइट’ केले, आणि थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात पुढे तेच भरले गेले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि लाकडाचाही मुख्य घटक सेल्युलोजच. म्हणजे जो पदार्थ दस्त्यात शंभर वर्षे शांतपणे टिकतो, तोच आम्लातून निघाला की क्षणात जळून जातो. शिवाय असा कापूस नुसता ठेवला तरी आतल्या आत हळूहळू विघटतो. म्हणून त्यात स्थिर ठेवणारी द्रव्ये घालावी लागतात आणि वेळोवेळी त्याची तपासणी करावी लागते. कारखान्यातील माणसे रोज हीच राखण करीत असतात.

आणि तरीही, २४ जानेवारी २०२५ रोजी या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. प्रजासत्ताकदिन दोन दिवसांवर आला होता. बंदूक उचलणाऱ्यांसाठी आपल्याकडे संचलने आहेत, पदके आहेत, स्मारके आहेत, आणि ती असावीतच. परंतु तिच्या पोटातली दारू करणाऱ्यांचे काय? दस्त्यावर शिपायाचे अक्षर तरी उरते. दारू करणाऱ्याने केलेली वस्तू जळून जाण्यासाठीच असते; तिच्यावर त्याची बोटेही उमटत नाहीत. शस्त्रांच्या इतिहासात ही माणसे सापडत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून दस्त्याच्या लाकडासंबंधी लिहिताना त्यांची आठवण काढणे मला आवश्यक वाटले.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. शस्त्र नसेल तर विळी, करवत, शिवणयंत्र, पोरांची पुस्तके मांडतो. त्या पूजेतला अर्थ मला असा दिसतो की, हत्याराबरोबर ते धरणारा हात आणि ते घडवणारा हात, दोघांनाही नमस्कार घडावा. घरोघरी आजोबांची काठी, आजीचे उखळ, वडिलांची लाकडी पेटी असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती काढाल तेव्हा मळ जरूर पुसा. मात्र काचकागद हाती घेण्यापूर्वी ती वस्तू एकदा उजेडात धरून पाहा.

तो दस्ता मी तीन आठवड्यांनी परत दिला. तेलाने तो गडद, उबदार तपकिरी झाला होता. खोका तशाच होत्या, अक्षरेही तशीच. निदेशकाने बराच वेळ तो हातात फिरवला. मग ‘रा’वर अंगठा ठेवून म्हणाला, “काका, माझ्या तुकडीत एक राहुल आहे. उंचीनं जरा लहानच आहे. त्यालाच देतो ही.”