मनुष्यलक्षणाचा इतिहास

खाणे, झोपणे, भिणे आणि प्रजा वाढविणे ह्या बाबतींत माणूस व पशू ह्यांत भेद नाही, अशा अर्थाचे सुभाषित संस्कृत शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी असते. त्याचे दोन पाठ प्रचलित आहेत, इकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हितोपदेशात माणसाचा विशेष म्हणून ‘धर्म’ सांगितला आहे. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिसंग्रहात त्याच जागी ‘ज्ञान’ आले आहे. तो विशेष ज्याच्या अंगी नाही तो पशुतुल्य, हा निष्कर्ष दोहोंतही कायम आहे. मनुष्यलक्षणाच्या इतिहासात लक्षणापेक्षा हा निष्कर्षच अधिक तपासून पाहण्याजोगा आहे, असे मला वाटते. लक्षणे बदलत गेली. निष्कर्ष ज्याने त्याने आपापल्या सोयीने काढला.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस ह्याने १७३५ साली आपल्या वर्गीकरणात माणसाला वानरांच्या पंक्तीस बसविले. इतर प्राण्यांची शारीरिक लक्षणे त्याने नोंदविली. माणसाच्या नावापुढे मात्र ‘स्वतःला ओळख’ एवढेच लॅटिन वचन लिहून तो थांबला. शरीरावरून निराळेपणा दाखविणे त्याला कठीण वाटत होते आणि ते त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. परंतु १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत ‘होमो सेपियन्स’ हे नाव रूढ करताना त्याच पंडिताने माणसांचे खंडवार प्रकार पाडून त्यांना स्वभाव चिकटविले. यूरोपीय माणूस रीतीने चालतो, आशियाई मताने आणि आफ्रिकी लहरीने! दात व बोटे मोजता येतात. लहर त्याने कोणत्या मापाने मोजली असेल, कोण जाणे.

पुढे हत्यारांची व्याख्या पुढे आली. माणूस म्हणजे हत्यारे घडविणारा प्राणी, हे बेंजामिन फ्रँक्लिनचे म्हणून बॉस्वेलने जॉन्सनच्या चरित्रात नमूद केले आहे. चिंपँझी दगडाने कठीण फळ फोडतो, हे डार्विनने १८७१ साली लिहिले. तेव्हा वापरणे निराळे आणि घडविणे निराळे, असे म्हणून व्याख्या सावरून घेता येत होती. १९४९ साली केनेथ ओकली ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तर आपल्या पुस्तकाला तेच नाव दिले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९६० मध्ये, टांगानिकातील गोंबेच्या रानात जेन गुडॉल ह्या तरुणीने एक चिंपँझी पाहिला. तो काडीची पाने ओरबाडून ती साफ करी, वाळवीच्या वारुळात घाली आणि चिकटून आलेली वाळवी खाई. पाने ओरबाडणे म्हणजे घडविणेच. हे वृत्त कळताच तिचे मार्गदर्शक लुई लीकी म्हणाले की आता हत्याराची तरी व्याख्या बदला, माणसाची तरी बदला, नाहीतर चिंपँझीला माणूस म्हणा. १९९६ साली न्यू कॅलेडोनिया बेटावरील कावळेही पानांपासून आकडे बनवितात असे प्रसिद्ध झाले, आणि ते कुंपण पक्ष्यांनीही ओलांडले.

ह्यात माणसाचे काही बिघडले, असे मला वाटत नाही. पशू कुंपणाच्या आत आला म्हणून कोणाची भाकरी हिरावली गेली नाही. माणसाला जेव्हा कुंपणाबाहेर घातले गेले, तेव्हाचा इतिहास निराळा आहे. काँगोतील ओटा बेंगा ह्या तरुणाला १९०४ च्या सेंट लुईस येथील प्रदर्शनासाठी अमेरिकेत आणले होते. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने त्याला वानरगृहात, ओरांगउटानच्या सोबतीला, लोकांना दाखविण्यासाठी ठेवले. ह्या संग्रहालयाचा संचालक हॉर्नडे हा अमेरिकेतील रानगवे वाचविण्यासाठी झटणारा गृहस्थ, हे विशेष. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी निषेध केला. आमच्या बांधवाला वानरांबरोबर दाखवून आम्हा सर्वांचेच माणूसपण नाकारले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महिनाअखेर ओटा बेंगाची सुटका झाली. पुढे तो व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे तंबाखूच्या कारखान्यात राबला. १९१६ च्या मार्चमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या प्राणिसंग्रहालयाच्या चालक संस्थेने जाहीर माफी मागितली ती २०२० साली.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या माणसाला होता. तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यावर सनातनी मंडळींनी तळे बाटले असे ठरविले आणि ते पंचगव्याने शुद्ध करून घेतले. म्हणजे माणसाच्या स्पर्शाने झालेला विटाळ गाईच्या शेणाने व गोमूत्राने फेडला गेला, आणि तोही धर्माच्या, म्हणजे हितोपदेशकाराने माणसाचा विशेष म्हणून सांगितलेल्या त्याच शब्दाच्या, नावाने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो मार्च १९३७ मध्ये. त्या ओंजळभर पाण्याला तेव्हा दहा वर्षे होत आली होती.