मेहली मेहता : एका संगीतशिक्षकाची वाटचाल

‘शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू काहीतरी वेगळं लिही,’ असा स्मरणिका समितीचा निरोप आला आणि मला नेमका आपला संगीताचा तास आठवला. आठवड्यातून एकच तास. सहामाही जवळ आली की तोही गणिताकडे जायचा. तरी बाई पेटीवर हात ठेवून वर्गात थांबायच्या आणि उरलेल्या दहा मिनिटांत एक अलंकार घोटून घ्यायच्या. म्हणून आज एका संगीतशिक्षकाचाच इतिहास सांगतो. ते जन्माने मुंबईकर होते आणि त्यांच्या मुलाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. वडिलांचे मात्र फार थोड्यांनी.

मेहली मेहता यांचा जन्म १९०८ साली मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गांधर्व महाविद्यालय मुंबईत सुरू झाले तेही याच वर्षी. राजवाड्यांतले आणि घराण्यांतले गाणे सामान्य मुलांपर्यंत नेण्याचे पलुसकरांचे काम शहराच्या एका भागात चालले होते. पाश्चात्त्य संगीतासाठी मात्र तशी सोय फारशी नव्हती. मेहली व्हायोलिन शिकले ते बरेचसे स्वतःच्या बळावर.

१९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक कुठून आणायचे हा पहिला प्रश्न होता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. तिथे तयार झालेले अनेक वादक पोटापाण्यासाठी मुंबईत येत. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ पुढे ज्यांच्या जिवावर उभा राहिला, ते हेच लोक. गोव्याचे वादक, हौशी पारशी मंडळी, लष्करी बँडमधले वादक अशी मोट बांधून मेहलींनी तालमी सुरू केल्या. १९४० साली त्यांनी चार तंतुवादकांचा एक चमूही उभारला. घरात सतत तालमी चालत आणि १९३६ साली जन्मलेला थोरला मुलगा झुबिन त्या ऐकतच वाढला. सोळाव्या वर्षी तो वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम घेऊ लागला होता.

वाद्यवृंदाच्या संचालकाचे काम आपल्याला दिसते ते मंचावर हात हलवण्याचे. खरे काम त्याच्या आधीचे असते. प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते. सगळ्या ओळी एकत्र लिहिलेली संहिता एकट्या संचालकाकडे. व्हायोलिनच्या रांगेत सगळ्यांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जायला हवेत, म्हणून कागदावर पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात. आधी तंतुवाद्ये वेगळी बसवायची, मग फुंकवाद्ये, मग सारे एकत्र. स्नेहसंमेलनाचे समूहगीत बसवताना बाई आधी मुलींचा आणि मग मुलांचा आवाज वेगळा घ्यायच्या, तसेच हे.

आपले शिक्षण अपुरे आहे ही बोच मेहलींना होती. १९४५ साली, वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी, पत्नी आणि दोन लहान मुले मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलामियन या नामांकित गुरूंपुढे विद्यार्थी म्हणून उभे राहिले. ज्या वयात माणूस ‘आता आपल्याला सगळे येते’ असे धरून चालतो, त्या वयात त्यांनी गज कसा धरायचा इथपासून पुन्हा शिकायची तयारी दाखवली. काही वर्षांनी ते परतले. पण वाद्यवृंदावर पोट भरावे अशी परिस्थिती मुंबईत नव्हती. पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जॉन बार्बिरोलींच्या हाताखाली सुमारे पाच वर्षे वाजवत राहिले. स्वतःचा वाद्यवृंद चालवलेला माणूस पुन्हा रांगेतला वादक झाला.

तिथून अमेरिकेत फिलाडेल्फिया, आणि १९६४ साली लॉस एंजेलिस. तोवर झुबिन तिथल्या फिल्हार्मोनिकचे संगीत संचालक झाले होते. वडिलांनी मुलाच्या सावलीत निवांत दिवस काढले असते तर कुणी नावे ठेवली नसती. मेहलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायला घेतले आणि त्याच वर्षी ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ची स्थापना केली. तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात निवृत्तीचे कागद तयार होऊ लागतात.

हा तरुणांचा वाद्यवृंद होता. कॉलेजच्या वयाची मुले-मुली इथे मोठमोठ्या सिम्फनी बसवत आणि विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये विनामूल्य कार्यक्रम करत. मेहलींनी तो तीसहून अधिक वर्षे चालवला. १९९८ साली निवृत्त झाले तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. २००२ साली, ९४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे मोल कशात आहे, याचा मी बराच विचार केला. व्यावसायिक वाद्यवृंदात चांगला वादक वर्षानुवर्षे टिकतो आणि संचालकाची कीर्ती वाढवतो. तरुणांच्या वाद्यवृंदात नेमके उलटे होते. वादक तयार झाला की तो जातो, आणि सर्वांत चांगला तयार झालेला सर्वांत आधी जातो. मेहलींच्या हाताखालची मुले लॉस एंजेलिस फिल्हार्मोनिकमध्ये आणि इतरत्र नामांकित वाद्यवृंदांत बसली. मेहलींसमोर पुन्हा नवी, कच्ची मुले. हे त्यांनी तीस वर्षे, दर वर्षी, कुरकुर न करता केले. मार्चमध्ये दहावीची तुकडी निरोप घेऊन जाते आणि जूनमध्ये पाचवीची नवी मुले दप्तरे सांभाळत दारात उभी राहतात, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिले त्या आपल्या सर-बाईंना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. मेहलींनी मुंबईत उभारलेला वाद्यवृंद ते गेल्यावर फार टिकला नाही. मुंबईला व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा मिळायला २००६ साल उजाडले. अमेरिकन यूथ सिम्फनीही सुमारे साठ वर्षांनी, २०२४ साली, बंद झाली. मग सगळे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. १९९५पासून मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुंबईत मुलांना संगीत शिकवते आहे. आणि जे वादक बाहेर पडले, ते वाजवत आहेत आणि त्यांच्यातले कितीतरी शिकवतही आहेत. संस्था बंद होऊ शकते. शिकलेली गोष्ट हातातून काढून घेता येत नाही.

आपल्या शाळेचा पट दर वर्षी घटतो आहे, हे आपण सगळे जाणतो. मेळाव्याच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधायची की आणखी काही करायचे, ही चर्चा आपल्या गटात अजून संपलेली नाही. माझे मत इथे नोंदवून ठेवतो. कमान नको. संगीताच्या खोलीतली पेटी दुरुस्त करू आणि पुढची काही वर्षे संगीतशिक्षकाचे मानधन देऊ. आठवड्यात दोन तास ठेवावेत, आणि सहामाही जवळ आली तरी ते कुणी मागू नयेत, एवढी विनंती मुख्याध्यापकांना आपण सर्वांनी मिळून करू.