बंद पेटी आणि उघडे पुस्तक

विद्या दिल्याने वाढते, असे आपण मुलांकडून घोकून घेतो. परंतु वैद्यकाचा इतिहास चाळला म्हणजे दिसते की, मनुष्यजातीने हे तत्त्व फार उशिरा आणि जबर किंमत देऊन स्वीकारले. आणि ते पुरतेपणी तर अजूनही स्वीकारलेले नाही. आज आपण या इतिहासातील चार प्रसंग पाहू.

सतराव्या शतकात इंग्लंडात चेंबरलेन नावाचे प्रसूतिवैद्यांचे घराणे होते. अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा या घराण्याने सिद्ध केला, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तो घराबाहेर जाऊ दिला नाही. पुढे १८१३ साली एसेक्स परगण्यातील एका जुन्या वाड्यात, माळ्याच्या फळ्यांखाली दडवलेली ती हत्यारे सापडली. मधल्या काळात किती माता आणि किती अर्भके केवळ त्या गुपितापायी दगावली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो ठेवता येण्यासारखाही नव्हता.

आता दुसरे चित्र पाहू. एडवर्ड जेन्नर या खेडेगावच्या डॉक्टराने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तनदेवीची लस टोचली. रॉयल सोसायटीने त्याचा लेख छापला नाही. तेव्हा त्याने १७९८ साली पदरच्या पैशाने छोटेसे पुस्तक काढून आपली सारी रीत लोकांपुढे ठेवली. गुपित राखून तो गबर होऊ शकला असता. पुस्तक निघाले म्हणूनच चार वर्षांत ती लस, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी, बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली, आणि तेथून ती हिंदुस्थानात इतरत्र गेली. ८ मे १९८० रोजी देवी जगातून हद्दपार झाल्याची घोषणा झाली. त्या यशाचा पाया एका उघड्या पुस्तकाने घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आता शास्त्रज्ञ काही चिमटे दडवून ठेवीत नाहीत, सारे छापतात. खरे आहे. पण छापलेले सर्वांना वाचता येते काय? पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाची भयंकर साथ पसरली. अठ्ठावीस हजारांवर माणसे आजारी पडली आणि अकरा हजारांवर मेली. लायबेरियात हा रोग येईल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, असा सर्वत्र समज होता. परंतु १९८२ सालीच युरोपीय संशोधकांनी, लायबेरियाची गणना या रोगाच्या प्रदेशात करावी लागेल, असे एका नियतकालिकात लिहून ठेवले होते! तेथील मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ही गोष्ट उघड केली. तसल्या एका लेखासाठी तेथील डॉक्टरला पंचेचाळीस डॉलर, म्हणजे सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार, मोजावा लागे. शिवाय त्या लेखांच्या कर्त्यांत लायबेरियाचा एकही शास्त्रज्ञ नव्हता. लेख वाचला असता तर साथ टळलीच असती, असे आम्ही म्हणणार नाही. पण दाराशी उभा असलेला शत्रू ओळखता तरी आला असता.

याउलट २०२० साली काय घडले? झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूची जनुकीय लिपी ५ जानेवारीसच उलगडली होती. अधिकाऱ्यांच्या मनाईमुळे काही दिवस वाया गेले. अखेर ११ जानेवारीस एडवर्ड होम्स यांनी ती जगास खुली केली. दोन दिवसांत बर्लिनच्या शास्त्रज्ञांची तपासणीची रीत प्रसिद्ध झाली. ३० जानेवारीस केरळातील पहिल्या भारतीय रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले.

खुलेपणाने कच्चे आणि खोटेही पसरते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात 'लॅन्सेट'सारख्या मान्यवर नियतकालिकाने छापलेला एका औषधाविषयीचा लेख जूनमध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यामागची मूळ आकडेवारी कोणालाच तपासू दिली जात नव्हती. म्हणजे चूक पकडायलाही खुलेपणाच लागतो.

आपल्या देशात २०२५ पासून शासनाने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर करून सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून दिली आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह खरी. परंतु हे कुलूप उघडणे नव्हे, किल्ली भाड्याने घेणे होय. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा खाजगी डॉक्टर या योजनेच्या बाहेरच राहतो. आणि साथीचा पहिला रोगी बहुधा त्याच्याच दारी येतो. जे संशोधन जनतेच्या पैशावर होते, ते त्या डॉक्टरला आणि आपणा सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजे, ही मागणी शास्त्रज्ञांनीच करावयाची, असे नाही. नागरिकांनीही ती केली पाहिजे, कारण साथ आली म्हणजे किंमत तेच मोजतात.