एक प्रबंध, दोन विद्यापीठे

पीएच.डी.साठी एक विद्यापीठ आणि एक मार्गदर्शक, ही रूढ पद्धत. संयुक्त मार्गदर्शनात मात्र विद्यार्थी दोन विद्यापीठांत नाव नोंदवतो. दोन्हीकडे त्याला मार्गदर्शक असतो. प्रबंध मात्र एकच सादर होतो. फ्रान्सने १९९४ मध्ये या पद्धतीला सरकारी नियमांची चौकट दिली. मुंबईत पवईच्या आयआयटीने ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठासह २००८ मध्ये संशोधन अकादमी सुरू केली. तेथील विद्यार्थी बहुतांश काळ पवईत संशोधन करतात व काही काळ मोनॅशला जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांत संयुक्त पीएच.डी.साठी प्रत्येक संस्थेत किमान एक सत्र घालवणे बंधनकारक केले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात मोठा लाभ प्रयोगशाळांचा. एकीकडे नसलेले उपकरण दुसरीकडे उपलब्ध होते. परंतु दोन मार्गदर्शकांचे मतभेद झाल्यास ओढाताण विद्यार्थ्याचीच होते. म्हणूनच शुल्क कोठे भरायचे, परीक्षक कोणी नेमायचे, पेटंटवर हक्क कोणाचा आणि पदवी संयुक्त की स्वतंत्र, हे दोन्ही विद्यापीठांच्या लेखी करारात नमूद असल्याची खात्री विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच करून घ्यावी.