अक्षरांचा सर्प : माळव्याचा सर्पबंध आणि उत्तरेचे रून

देपालपूर हे नाव तेराव्या शतकातील परमार राजा देवपाल याच्यावरून पडले, असे सांगितले जाते. त्याच्याही दोनशे वर्षे आधीचा, विक्रम संवत् 1079 मधील भोजाचा एक ताम्रपट देपालपूरला मिळाला आहे. याच तहसिलीतील बेटमा येथे सापडलेला संवत् 1076 (इ. स. 1020) चा ताम्रपट तर मराठी वाचकाचे विशेष लक्ष वेधून घेतो, कारण त्यातील दान कोकण जिंकल्याच्या पर्वानिमित्त दिलेले आहे. परमारांच्या ताम्रपटांवर गरुडाची मुद्रा असते आणि त्या गरुडाच्या हाती साप असतो. तो साप तेथे पराभूत शत्रू आहे. परंतु भोजानंतरच्या दोन पिढ्यांतच हाच प्राणी माळव्याच्या दगडांवर अगदी निराळ्या मानाने येऊन बसला. त्याच्या अंगाखांद्यावर वर्णमाला कोरली गेली.

या कोरीव लेखांना सर्पबंध किंवा नागबंध म्हणतात. भोजशाळा आणि कमाल मौला मशीद अशा दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धारच्या वास्तूत, उज्जैनला महाकालाच्या परिसरात आणि निमाडातील ऊन येथील देवळात ते आढळले आहेत. नागाच्या देहाचे वेटोळे व्हावे, त्या वेटोळ्यांतून घरे पडावीत आणि घराघरांत स्वर, व्यंजने व क्रियापदांचे प्रत्यय बसावेत, अशी ही रचना आहे. तिच्यासोबतच्या श्लोकांत उदयादित्य व नरवर्मा या राजांची नावे येतात. त्यामुळे तिचा काळ अकराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि बाराव्याचा आरंभ असा ठरतो. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धारच्या शिलालेखांचा मागोवा घेतला. त्या वास्तूस भोजाची शाळा म्हणावे असे त्यांना वाटले, याचे एक कारण हे व्याकरणाचे लेखच होते.

यातील व्याकरण कातंत्र परंपरेचे आहे. कातंत्राचा कर्ता शर्ववर्मा हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा आश्रित होता अशी कथा आहे. जलक्रीडेत राणीच्या संस्कृत बोलण्याचा भलताच अर्थ लावून फजीत झालेल्या राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकविण्याचा विडा त्याने उचलला, आणि कार्तिकेयाच्या प्रसादाने तो तडीस नेला. कथा म्हणूनच ती घ्यावयाची. तथापि गोदातीराशी जोडलेले हे सुटसुटीत व्याकरण धारच्या दगडावर उतरले, हा योग मोठा रम्य आहे यात शंका नाही.

ही केवळ विद्यार्थ्यांची उजळणी होती काय? तसे म्हणणे कठीण. श्लोकांत या आकृतीला ‘वर्णनागकृपाणिका’, म्हणजे वर्णरूपी नागाची कट्यार, असे नाव दिले आहे. वर्ण म्हणजे अक्षर आणि वर्ण म्हणजे समाजातील वर्गही; त्या दोहोंचे रक्षण राजाने करावे, असा श्लेष त्यात साधला आहे. कवी आणि राजे यांनी ती छातीवर मिरवावी असाही भाव आहे. शैव तंत्रात अक्षरांना मातृका, म्हणजे माता, मानतात. देहातील शक्तीला वेटोळे घातलेल्या सर्पिणीची उपमा देतात. त्या विचारात वाढलेल्या माणसाला वर्णमालेचा साप पाहून नवल वाटले नसणार. पुढे ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये ग्रंथारंभी गणेशाला वंदन करताना ओंकाराच्या मात्रांत त्याचे चरण, उदर आणि मस्तक पाहिले, ते याच जाणिवेतून.

नेमक्या याच अकराव्या शतकात, माळव्याची गंधवार्ताही नसलेल्या स्वीडनच्या उपलांड प्रांतात, सापाच्याच अंगावर अक्षरे कोरली जात होती. ही अक्षरे म्हणजे रून. जुन्या रूनमालेत चोवीस चिन्हे होती. पुढे स्कँडिनेव्हियात ती सोळावर आली. ‘रून’ या शब्दातच गुप्त गोष्ट असा अर्थ आहे. पहिल्या रूनचे नाव गुराढोरांचे, म्हणून संपत्तीचे. आपल्या ‘गोधन’ शब्दाची येथे सहज आठवण होते. ओडिन या देवाने नऊ रात्री झाडाला लटकून घेऊन ही अक्षरे मिळविली, अशी तेथील पुराणकथा आहे. आपल्याकडे शिवाच्या डमरूतून पाणिनीला वर्ण लाभले. तिकडे देवालाच तप करावे लागले.

उपलांडात असे हजाराहून अधिक दगड आहेत. आश्चर्य असे की त्यांवरील मजकूर बहुधा अगदी घरगुती असतो. अमक्याने बापाच्या स्मरणार्थ हा दगड उभारला, तमक्याने मुलाच्या नावे पूल बांधला, देव त्याच्या आत्म्याला साह्य करो. पुष्कळांवर क्रूसही आहे. आपल्या वीरगळांचे ते दूरचे नातलग म्हणावेत. रूनमध्ये मंत्रसामर्थ्य मानणारे लोक होते हे खरे, ताईतांवरचे लेखही सापडतात. परंतु हल्ली थैलीतून चिन्ह काढून भविष्य सांगण्याची जी रीत जगभर विकली जाते, तिचा बराचसा भाग विसाव्या शतकातला आहे. कोऱ्या रूनची कल्पना तर 1982 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या राल्फ ब्लम यांच्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाली. ऑस्ट्रियाच्या गीडो फॉन लिस्ट यांनी शतकारंभी अठरा रूनांची स्वतःचीच माला रचली. पुढे नाझींनी त्या चिन्हांचा जो वापर केला तो सर्वश्रुत आहे.

सर्पबंधावर अशी आपत्ती आलेली नाही. तो ज्या वास्तूत आहे तिच्याविषयी वाद पुष्कळ आहेत, पण त्या खांबांवरचा साप मात्र वाचण्यापेक्षा पाहण्यासाठीच अधिक ओळखला जातो. देपालपूरहून एका अंगास धार आणि दुसऱ्या अंगास उज्जैन आहे. दोन्हीकडचे नाग ज्याला पाहावयाचे असतील त्याने बाळबोध लिपी मनात ठेवून जावे. नऊशे वर्षांपूर्वीच्या नागरीतील ‘क’, ‘ग’, ‘म’ आजही थोड्या प्रयत्नाने ओळखू येतात. ‘इ’ आणि ‘ध’ मात्र चकवतात.